सूतभर फरक

जव्हारमध्ये राष्ट्रध्वज शिवले जातात, हे जव्हारमधल्याच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. एस. टी. स्टँडपासून खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका खादी संस्थेची लांबट कौलारू शेड होती. पाटीवरची अक्षरं पावसानं कधीच खाल्लेली. आत सात बाया आणि एक पुरुष काम करायचे. पुरुष म्हणजे शकील, चक्र छापणारा. आणि सात बायांतली एक त्याची बायको, अनीसा.

अनीसाकडे तपासणी होती. केशरी, पांढरी, हिरवी खादी गठ्ठ्यांनी बाहेरून येई. आधी पांढऱ्या पट्ट्यावर चक्र छापायचं, मग वर केशरी आणि खाली हिरवा पट्टा जोडायचा, मग काठाला जाड कापडाची दुहेरी पट्टी, तिच्यातून दोर आणि दोराच्या वरच्या टोकाला लाकडी खुट्टी. खुट्टी केशरी बाजूला. "एवढी खुट्टी ध्यानात ठेवा, जन्मात झेंडा उलटा चढणार नाही," असं अनीसा नव्या बायांना सांगायची.

अवघड होतं ते चक्र. कापडाला दोन बाजू, आणि चक्र दोन्हीकडून हवं. शकील जाळीच्या चौकटीतून रबरी पट्टीनं निळी शाई ओढायचा. एक बाजू वाळली की कापड पालथं करून नेमक्या त्याच जागी दुसरं चक्र. चोवीस आऱ्यांवर चोवीस आरे बसले पाहिजेत. खादी विरळ असते. उजेडासमोर धरली की दोन्ही बाजू एकदम दिसतात. छपाई जुळलेली असली तर एकच चक्र दिसतं. सूतभर सरकली, तर प्रत्येक आऱ्याशेजारी दुसऱ्या आऱ्याची सावली उभी राहते. अनीसा पूर्वेच्या खिडकीशी पट्टा दोन्ही हातांनी ताणून धरायची. सावली दिसली की बाद. नाही दिसली की पास, आणि झेंडा शिवून झाला की काठपट्टीच्या आतल्या बाजूला तिचा शिक्का, आकडा सात. एकवीस वर्षांत तिनं नवऱ्याचे पट्टेही बाद केले होते. त्यावरून घरात कधी शब्द झाला नव्हता. "तू सोडलंस तर ते चांगलंच असणार," एवढंच शकील म्हणायचा.

शकीलच्या घराण्यात रंगकाम पिढीजात. त्याचे आजोबा संस्थानच्या काळात रंगारी होते. संस्थान विलीन झालं, गावात तिरंगा हवा झाला, आणि कळलं होतं ते एवढंच, की पूर्वी मध्ये चरखा होता, त्या जागी आता चक्र आलंय. आरे किती, ते कुणाला सांगता येईना. घरात सांगत, की आजोबा नाशिकला गेले आणि एका कचेरीसमोर दिवसभर मान वर करून उभे राहिले. वारा पडला की झेंडा लोंबायचा आणि मोजणी चुकायची, की पुन्हा एकापासून. खरं-खोटं अल्लाला ठाऊक, पण चोवीस मोजूनच ते परतले आणि सागाच्या फळीत चक्राचा ठसा कोरला. शकील ही गोष्ट कुणालाही सांगायला तयार असायचा, ऐकणारा मात्र मिळायला हवा.

जव्हारच्या पावसात शाई वाळत नाही. पांढऱ्या कापडावर आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात. म्हणून पंधरा ऑगस्टचे झेंडे मे महिन्यातच तयार व्हायचे आणि जव्हार-मोखाड्याच्या शाळांना, ग्रामपंचायतींना जायचे. पावसाळ्यात शेड बंद. भातकापणी आटोपली की पुन्हा सुरू, ती थेट मेपर्यंत. हे वेळापत्रक सुकरीला असं काही जुळलं होतं, की जणू तिच्याचसाठी कुणी आखलं.

सुकरी दाभोसाची. रोज जीपनं यायची. शिवणीत तिचा हात कुणी धरत नसे. तिन्ही पट्ट्यांचा जोड ती नुसत्या बोटांनी चाचपून सरळ राखायची. पूर्वी दर दिवाळीनंतर तिचं घर वीटभट्टीवर जायचं, नवरा फागू, पोरं, कोंबड्यांसकट. शेडचं काम लागल्यापासून ते थांबलं होतं. मोठी पोर मीना एकही वर्ष न मोडता नववीपर्यंत आली होती. शेडच्या व्यवस्थापक उज्ज्वला मॅडमनी एकदा सगळ्या बायांना रंगांचे अर्थ समजावले. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य, हिरवा म्हणजे माती, आणि चक्र म्हणजे चालत राहणं, थांबणं नाही. सुकरी मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "आमी तं लय वर्सं नाय थांबलो मॅडम. आता जरा थांबलो तं बरा वाटतंय." सगळ्या हसल्या. अनीसाही हसली.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीनंतर शेड उघडली आणि पहिल्याच आठवड्यात अनीसानं अकरा पट्टे बाद केले. एरवी महिन्यात तेवढे व्हायचे नाहीत. तिला वाटलं, चौकटीची जाळी सैल झाली असेल. जाळी बदलली. पुढच्या आठवड्यात चौदा. मग एका दुपारी जेवताना तिनं पाहिलं, शकीलनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तोंडाशी नेईपर्यंत उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलत होता. जपमाळेचे मणी ओढावेत तसा. हातात माळ नव्हती.

नाशिकच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, म्हणाले, बरा होत नाही, आवरला जातो. परतीच्या एस. टी.त शकील खिडकीबाहेर बघत बसला होता. घाट लागल्यावर म्हणाला, "मॅडमना सांगू नकोस."

"आज ना उद्या कळेलच की."

"गोळ्यांनी फरक पडेल. पडेपर्यंत सांगू नकोस. दुसरं मला काय येतं, अनीसा?"

तिनं मान डोलावली. त्या घटकेला दुसरं काही करणं तिला सुचलं नाही.

पण बाद पट्ट्यांचा ढीग काही लपत नव्हता. डिसेंबरअखेर उज्ज्वला मॅडमनी तिला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हती, उलट चांगलीच होती. म्हणाली, "अनीसाभाभी, वरून विचारणा होतेय. एवढं कापड वाया का जातंय म्हणून. शकीलभाईंना काही होतंय का?"

"थंडीनं हात आखडतो," अनीसा म्हणाली.

"तसं असेल तर ठीक. नाहीतर वरचे म्हणतायत, छपाई जव्हारला नकोच, छापलेले पट्टे बाहेरून पाठवू. मी सध्या थांबवून धरलंय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या लख्ख उन्हात, अनीसानं तो पहिला पट्टा पास केला. मोठ्या मापाचा होता, सहा बाय चारच्या झेंड्याचा. खिडकीशी धरला, सावली दिसली. सूतभरही नसेल, त्याच्याही निम्मी. समोर शकील शाई घोटत उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. इतका बघत नव्हता, की मान अवघडली असेल. अनीसानं पट्टा घडी करून सुकरीच्या बाजूच्या टोपलीत ठेवला.

सव्वीस जानेवारीला ती मोखाड्याला गेली. कारण सांगितलं चुलत बहिणीला भेटायचं, पण बहिणीच्या घरी जाण्याआधी ती तिथल्या एका शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मोठ्या मापाचा झेंडा त्या शाळेला गेल्याचं तिला पक्कं ठाऊक होतं. मुलं रांगेत उभी होती, गुरुजींनी दोर ओढला, फुलं सांडली, झेंडा उलगडला आणि वाऱ्यानं ताठ झाला. ऊन त्याच्या बरोबर मागून आलं. चक्र काळसर निळं उठून दिसलं आणि त्याच्या आऱ्यांना आरे फुटलेले तिला दिसले. दीडशे मुलं कपाळाशी हात लावून वर बघत होती. पाहुणे बघत होते. कुणाला काही दिसत नव्हतं. अनीसाला वाटलं, कुणीतरी एकानं तरी बोट दाखवावं. राष्ट्रगीत संपलं, मुलांना बिस्किटांचे पुडे वाटले गेले, आणि ती फाटकाबाहेर तशीच उभी होती.

पहिला पट्टा जड गेला. दुसरा तेवढा गेला नाही. फेब्रुवारीत ती स्वतःशी हिशेब करायची, की अगदीच उघडा दिसतो तो बाद, बाकीचे सोडायचे. मार्चपर्यंत तो हिशेबही पातळ झाला. बाद पट्ट्यांचा ढीग बसत गेला. उज्ज्वला मॅडम खूश झाल्या. आणि शकील!

एका संध्याकाळी त्यानं येताना जिलबी आणली. हातातल्या कागदाच्या पुडीला पाक पाझरला होता. "आज एकच बाद," तो म्हणाला. "बघितलंस? गोळ्या लागू पडल्या. मी म्हणत नव्हतो?" त्यानं हात पुढे केला, तिला दाखवायला. हात थरथरत होताच. पण त्याला तो थांबलेला दिसत होता, कारण चक्रं पास होत होती, आणि चक्रं पास करणाऱ्या डोळ्यांवर त्याचा स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता.

अनीसानं जिलबी खाल्ली. तिला वाटलं होतं, त्याला ठाऊक असेल. दोघं मिळून एक खोटं सांभाळतोय, असं तिनं मनाला समजावलं होतं. त्या संध्याकाळी तिला कळलं, की खोटं एकटीचंच आहे. त्याला सांगणं आता जिवावर आलं. सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडातली जिलबी काढून घ्यायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य केंद्रातून दोन तपासनीस आले. पंधरा ऑगस्टचा सगळा माल बांधून तयार होता. त्यांनी गठ्ठे सोडायला लावले आणि मधून मधून असे दहा झेंडे काढले. एक जण मोजपट्टी लावत होता, दुसऱ्यानं झेंडे उचलले आणि थेट पूर्वेच्या खिडकीशी गेला. अनीसाच्या जागी उभा राहून त्यानं एकेक झेंडा ताणून धरला. दहातले सहा त्यानं वेगळे टाकले. मग काठपट्टी उलटून शिक्का पाहिला.

"सात नंबर कोण?"

"मी," अनीसा म्हणाली.

तो तिशीचा असेल. ओरडला नाही. "ताई, डोळे तपासून घ्या," एवढंच म्हणाला आणि कागदावर लिहू लागला. उज्ज्वला मॅडम अनीसाकडे बघत राहिल्या. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. हळूहळू सगळं उमगत गेल्याचं ते बघणं होतं. शिवण संपली होती, बाया आधीच घरी गेल्या होत्या, आणि शकील त्या दिवशी तापानं घरी होता.

सगळा माल नापास होऊन मुख्य केंद्राकडे गेला. पण त्याची वाच्यता झाली नाही, कारण पाठोपाठ त्याहून मोठी गोष्ट गावात आली. त्या वर्षी घरोघरी झेंडा लावायचा होता. मशीनवर विणलेल्या, पॉलिस्टरच्या झेंड्यांना आता परवानगी होती. नियम आदल्या वर्षाच्या अखेरीसच बदलला होता, फक्त शेडमध्ये कुणी वाचला नव्हता. ऑगस्टमध्ये टेम्पो भरून झेंडे आले. गुळगुळीत, चकचकीत, शिवण नाही की जोड नाही, तिन्ही रंग एकाच तुकड्यावर छापलेले. चक्र कुठे लंबुळकं, कुठे पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर उतरलेलं. दुकानांवर, झोपड्यांवर, जीपच्या आरशांना, शिरपामाळावर येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना, सगळीकडे तेच. शाळांनीही तेच घेतले. पावसात भिजले तरी तासाभरात वाळायचे. आठवड्यानं त्यातले कितीतरी गटारात आणि भाताच्या बांधावर चिखलात पडले होते. अनीसा रस्त्यानं जाताना उचलून घरी आणायची आणि पेटीत ठेवायची. मग पेटी भरली, आणि तिनं उचलणं सोडलं.

ऑक्टोबरात शेड उघडण्याऐवजी पत्र आलं. उज्ज्वला मॅडमनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. जव्हारचं केंद्र बंद करण्यात येत आहे. मागणीत झालेली घट पाहता, असं त्या म्हणाल्या आणि पत्राची घडी केली.

बायांनी पॉलिस्टरला शिव्या घातल्या. माघी नावाची म्हातारी शिवणकरीण तर रडलीच. कुणीतरी अनीसाच्या पाठीवरून हात फिरवला, "तुमचं तर दोघांचं गेलं, भाभी." अनीसाला तो हात सोसवेना.

सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, पत्र मला बघू द्या."

"कशाला भाभी?"

"बघू द्या."

उज्ज्वला मॅडमनी दिलं. दोन कारणं होती. पहिलं मागणीचं. दुसरं, 'केंद्रातील छपाई व तपासणी या दोन्हींत वारंवार आढळलेल्या त्रुटी'. खाली सहा झेंड्यांचे क्रमांक आणि शिक्का सात.

"दुसरं कारण नसतं तर?" अनीसानं विचारलं. "शेड राहिली असती?"

उज्ज्वला मॅडमनी पत्र परत घेतलं. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "दुसरीकडची काही केंद्रं चालू ठेवलीत. काही बंद केलीत."

राहिली असती म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. नसती म्हणाल्या असत्या तर सुटका झाली असती. यातलं काहीच झालं नाही.

पत्राची एक प्रत शकीलच्या नावे घरी आली. अनीसा बाजाराला गेली असताना त्यानं ती वाचली. ती आली तेव्हा तो बाजेवर बसला होता, कागद मांडीवर, आणि कागद थरथरत होता.

"हे सहा तू पास केलेस?"

"हो."

"उजेडाला धरून?"

"हो."

"दिसत होतं तुला?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. तो किती तरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं होतं, बरं वाटतंय."

त्यानं तिच्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिनं पाय धरले असते. त्यानं फक्त गोळ्या घेणं सोडलं. आधी विसरलो म्हणायचा, मग तेही म्हणेना. भिवंडीला दिलेली त्यांची लेक आफरा येऊन रडली, भांडली, जावयानं समजावलं. तो हो हो म्हणायचा आणि ती गेली की गोळी उशीखाली. आजोबांची नाशिकची गोष्ट त्यानं पुन्हा कुणाला सांगितली नाही.

दिवाळी झाली. सुकरी शेवटची भेटायला आली ती एका सकाळी, बाजारच्या दिवशी. चार दिवसांनी भट्टीचा ट्रक यायचा होता. मीनाची दहावी अर्धी झाली होती; तिला मागे ठेवायला कुणी नव्हतं, तीही निघाली होती. सुकरीनं नाचणीचं पीठ आणलं होतं, फडक्यात बांधून. अनीसानं चहा केला. दोघी ओट्यावर बसल्या, आणि अनीसाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. शकीलचा हात, खिडकी, पहिला पट्टा, मोखाड्याची शाळा, शिक्का सात, पत्रातलं दुसरं कारण. बोलताना तिला वाटत होतं, आता ही उठेल, शिव्या देईल. द्याव्यात.

सुकरी ऐकत राहिली. चहावर साय धरली. मग म्हणाली, "त्या पट्ट्यांना मीच शिवण घातली ना?"

"हो."

"मना नाय दिसला."

"तू उजेडाला धरत नव्हतीस. ते माझं काम होतं."

"हा." सुकरीनं कप खाली ठेवला. "ह्या तू मना कशाला सांगलास? आता तुजा हलका होल. माजा जड. मी भट्टीवर पॉलिस्टरला शिव्या देत विटा थापल्या असत्या. आता मी कोणाला शिव्या देऊ? तुला? तू माज्या पोरीच्या बारशाला आलेली."

अनीसानं तिचा हात धरायला हात पुढे केला. सुकरीनं तो झिडकारला नाही, धरलाही नाही. फडकं झटकून घडी केलं, कमरेला खोचलं आणि उठली. "शकीलभावाला औषद दे," म्हणाली, आणि स्टँडकडे चालू लागली. जीप भरेपर्यंत अर्धा तास ती तिथंच उभी असणार, हे अनीसाला ठाऊक होतं. ओट्यावरून उठून तिथवर जायला पाच मिनिटं लागतात. ती गेली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती दोनदा दाभोसाला जाऊन आली. घराला कडी होती. शेजारचा बुध्या म्हणाला, ती लोकं पावसाला पण आली नाय, तिकडंच कुठं राहिली. पोरीचं लगीन झालं म्हणतात. कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं. फागूचा नंबर लागत नव्हता.

शकील आता बाजेवरच असतो. बोलणं जिभेवर अडकतं, चेहरा मुखवट्यासारखा झालाय. आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही. अनीसा त्याला भात कालवून चमच्यानं भरवते. लोकांच्या साड्यांना फॉल लावून देते, त्यावर दोघांचं चालतं.

गेल्या हिवाळ्यात उज्ज्वला मॅडमचा फोन आला. आता त्या दुसऱ्या जिल्ह्यात असतात. तिथल्या केंद्राला तपासणीसाठी बाई हवी होती. "तुमच्यासारखी नजर मी पाहिली नाही, भाभी," त्या म्हणाल्या. "झालं ते का झालं, मला कळतं. तिथं तुमच्या घरचं कुणी नसेल. मी शब्द टाकते."

अनीसा दारात उभी होती. "नको मॅडम," ती म्हणाली. "डोळे गेलेत माझे."

"ऑपरेशन करून घ्या ना. शिबिरं असतात."

"बघते."

फोन ठेवला. डोळ्यांना काही झालं नव्हतं. समोरच्या टेकडीवर चरणाऱ्या शेळ्यांतली लंगडी कोणती, ते तिला इथून दिसत होतं. आत शकीलनं ऐकलं असणार. तो छताकडे बघत पडला होता. त्याला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती. तिनं एक हात त्याच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्याखाली, आणि त्याला भिंतीकडे तोंड करून वळवलं.